विभूते सरांचं पेज

"काळं आधी घालू की मरून?"

विभूते सर दोन हातांत दोन जाकिटं धरून विचारत होते. मी त्यांच्या पुढच्या खोलीत मोबाईलचा स्टँड लावत होते. खिडकीतून उजेड नीट येत नव्हता म्हणून मी आधीच वैतागले होते, त्यात भिंतीवरचं कॅलेंडर सारखं फडफडत होतं.

"मरून घाला सर. हसरे व्हिडिओ आधी उरकू, आवाज ताजा आहे तोवर."

"ताजा!" ते हसले, पण हसण्याचा फक्त वारा बाहेर आला. "हर्षदा, आता आहे तो शिळा आवाज. तोही परवापर्यंतच."

परवा मिरजेला त्यांचं ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीबरोबर डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर सर जगणार होते, जेवणार होते, गावात हिंडणार होते, फक्त बोलणार नव्हते.

तासगावात ही बातमी माणूस गेल्यासारखी पसरली होती. सर हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे, पण गाव त्यांना ओळखायचं ते निवेदक म्हणून. लग्न असो, सेवानिवृत्तीचा सत्कार असो, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन असो, माईकवर विभूते सर ठरलेले. लग्नात ते मरून जाकीट घालून व्याह्यांची अशी फिरकी घ्यायचे की वरमाय तोंडाला पदर लावून हसायची. आणि त्याच आठवड्यात गावातलं कुणी मोठं माणूस गेलं की हेच सर काळ्या जाकिटात उभे राहायचे आणि पहिल्या दोन वाक्यांत सभागृह गप्प व्हायचं. माझे वडील फोटोग्राफर होते. ते गेले तेव्हा सर म्हणाले होते, "ज्यांनी या गावातल्या प्रत्येकाचा फोटो काढला, त्यांचा स्वतःचा एक नीट फोटो आज घरात सापडत नाही." त्या वाक्यावर मी पहिल्यांदा रडले. तोवर आतल्या आत दगड झाला होता नुसता.

वडिलांचा स्टुडिओ मोबाईलनं बुडवला, म्हणून मी मोबाईललाच कामाला लावलं. लोकांची पेजेस चालवायची. एक दाताचे डॉक्टर, एक सराफ, एक वकीलबाई. माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान असं होतं की पेजवर निम्मं काम दाखवायचं आणि निम्मं हसू. नुसतं काम दाखवलं तर लोक जांभया देतात, नुसतं हसू दाखवलं तर दाढ काढायला कुणी येत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे.

सरांनाही ऐकवलं होतं. ते माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मला इंटरनेटवर उभं कर."

"कशासाठी सर?"

"बोलता येणार नाही, पण लिहिता येईल की. मानपत्रं लिहीन, निवेदनं लिहून देईन, श्रद्धांजलीचं भाषण लिहून देईन. वाचायला दुसरं कुणीतरी. पैशाचं नाही गं, पेन्शन आहे. पण मी घरात मुका बसलो तर ऑपरेशन यशस्वी होऊन मरेन."

हे त्यांनी हसत सांगितलं. पण त्यांच्या हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता.

तर तो रेकॉर्डिंगचा दिवस. सकाळपासून आमचा वाद चालला होता तो पेजच्या पहिल्या ओळीवरून. मी लिहिलं होतं, 'हसवतो मनापासून, निरोप देतो मनापासून.' मला ती ओळ फार आवडली होती.

"एका ओळीत दोन्ही नको," सर म्हणाले.

"अहो सर, तीच तर गंमत. तुमच्यात दोन्ही आहे, ते लोकांना दिसू दे."

"माझ्यात दोन्ही आहे म्हणून मी दोन जाकिटं शिवली. एकावर एक घालून कधी गेलो नाही." त्यांनी काळं जाकीट खुर्चीच्या पाठीवर नीट टांगलं. "लग्नातला विनोद मी शोकसभेत चुकून आठवलासुद्धा नाही. लोक आपलं माणूस गेलेलं असताना माझ्या हातात सभा देतात, ती याच भरवशावर."

शेवटी मी दोन वेगळ्या ओळी केल्या. त्यांचं समाधान झालं, माझं झालं नाही.

आतून शालनकाकू डोकावल्या. सरांची बायको. बुटक्या, गोऱ्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि चालताना सतत काहीतरी पुसत असायच्या. "अहो, किती बोलताय? डाक्टरनी काय सांगितलंय?"

"शालन, आज बोलू दे. परवापासून तुझंच राज्य."

"माझं राज्य!" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ह्या घरात मी बोलायला तोंड उघडलं की ह्यांचा कार्यक्रम सुरू असतोय. मी आपली चहाच्या टायमाला तेवढी बोलते."

लग्नाचे व्हिडिओ झाले. घसा पार खरवडून निघाला तरी विनोदाची वेळ चुकली नाही. मग त्यांनी गरम पाणी घेतलं, काळं जाकीट चढवलं, तोंडावरून हात फिरवला. हात खाली आला तेव्हा समोर दुसराच माणूस बसलेला होता. मी पुष्कळ लोकांचे व्हिडिओ केलेत, पण असं मी नंतर कधी पाहिलं नाही.

नमुना म्हणून मनानेच रचलेल्या एका माणसाची श्रद्धांजली ते बोलले. फाटक्या आवाजामुळे ती जास्तच लागत होती. शेवटी उभे राहून म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या." आणि त्यांनी मान खाली घातली.

मी थोडा वेळ थांबले आणि बटण बंद केलं. "झालं सर. मधली शांतता मी कापते. इंटरनेटवर दोन मिनिटं गप्प माणूस कोण बघणार?"

ते संतापले. "मग काय दाखवणार तू? अगं, बोलायला कुणालाही येतं. ही दोन मिनिटं सांभाळणं हेच निवेदकाचं काम. लवकर बसवलं तर माणसाचा अपमान, उशीर केला तर लोक चुळबुळ करतात. आणि घड्याळात बघायचं नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर घड्याळ बघणारा निवेदक मला खालच्या पातळीचा वाटतो."

"मग कळतं कसं?"

"मी मनात चालत घरी येतो," ते म्हणाले. "शाळेच्या फाटकातून निघतो. पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, दाते वैद्यांचं घर, आमची गल्ली. घराची कडी वाजवतो. दार उघडलं की दोन मिनिटं झाली. इतक्या वर्षांत चूक नाही."

मग मी मुकाट्यानं पुन्हा रेकॉर्डिंग लावलं, या वेळी पूर्ण. सर बोलले, उभे राहिले, मान खाली घातली. खोलीत एवढी शांतता झाली की मला माझ्याच श्वासाची लाज वाटायला लागली. कॅलेंडरसुद्धा गप्प होतं. बराच वेळ तसाच गेला, आणि आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ काकूंचा नेहमीचा, सुरातला, अगदी ठणठणीत आवाज:

"अहो, चहा टाकू का?"

मी तोंड दाबून धरलं. सरांनी मान वर केली नाही. फक्त उजव्या हाताचं एक बोट हळूच वर केलं, थांब म्हणाल्यासारखं. तसेच उभे राहिले. आणि मग, वेळ पुरी झाल्यावरच, "ओम शांती. कृपया बसून घ्यावं."

मोबाईल बंद झाला आणि मी हसत सुटले. काकू दारात येऊन "काय झालं? काय झालं?" करत होत्या. सरही हसले, पण लगेच म्हणाले, "परत घेऊ." पुन्हा उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. पाणी प्याले. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, घशातून नुसती हवा आली. त्यांनी तीन-चारदा केलं तसं. मग खाली बसले आणि जाकिटाची बटणं काढायला लागले.

त्यानंतर सर एक शब्दही बोलले नाहीत. डॉक्टरांनी दिलेली परवापर्यंतची मुदतही त्यांना मिळाली नाही.

काकू दाराला धरून उभ्या होत्या. "मी आपलं नेहमीसारखं इचारलं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "काही बिघडत नाही काकू, तेवढा आवाज मी काढून टाकते." आणि मी खरंच काढला. एक जसाच्या तसा व्हिडिओ आणि एक साफ केलेला, असे दोन्ही सरांच्या फोनवर पाठवले. पेजवर अर्थातच साफ केलेला टाकला.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर शालनकाकू एकट्या बसल्या होत्या आणि सरांचा फोन त्यांच्या हातात होता. आत नवऱ्याचा आवाज कापून काढत होते आणि बाहेर त्या तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. तोच व्हिडिओ, ज्यात नवरा बोलतो आणि मधे आपणही बोलतो. त्यांनी तो बहिणीला पाठवला. मग भिशीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'ह्यांचा आवाज. जपून ठेवा.'

भिशीतल्या बायकांनी जपून ठेवला. त्यांच्या पोरांनी नाही. कुणीतरी मधला तुकडा कापला, मागे ढोलकी लावली, आणि सर घरी परत यायच्या आत तो तुकडा सांगली-कोल्हापूर करून आला होता. गंभीर चेहऱ्यानं मान खाली घातलेला काळ्या जाकिटातला माणूस, 'अहो, चहा टाकू का', आणि वर झालेलं एक बोट. त्या बोटाचीसुद्धा चित्रं निघाली. परीक्षेच्या निकालावर बोट, पगारवाढीवर बोट.

पेजवर लोक लोंढ्यानं आले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. सर घरी आले तशी मी पळतच गेले. गळ्यावर पांढरं फडकं, हातात मार्करची छोटी पांढरी पाटी, चेहरा उतरलेला.

"सर, लोक प्रेमानं हसताहेत हो. गंभीर आणि हसरं एकाच व्हिडिओत! आपण रचून केलं असतं तर जमलं नसतं. आपण हाच धरू या."

त्यांनी तो तुकडा पाहिला. एकदाच. मग पाटीवर लिहिलं, 'कुणी पाठवला?'

काकू गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या. दूध तापत नव्हतं, गॅस बंदच होता. सरांनी त्या गेल्या तिकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. पाटी पुसून त्यांनी दुसरं वाक्य लिहिलं.

'आता लोक शोकसभेत हसतील.'

मी म्हणाले, काहीतरीच काय, लोक विसरतात. आणि खरंच पंधरा दिवसांत तो तुकडा मागे पडला. सरांकडे दोन लग्नांचं लेखन आलं, एक मानपत्र आलं. आणि मग तात्यासाहेब जमदाडे गेले.

तात्यासाहेब म्हणजे दूध संघाचे जुने अध्यक्ष, गावातलं बडं प्रस्थ. जिवंतपणीच सांगून ठेवलेलं की माझ्या शोकसभेला विभूतेच पाहिजे. सरांनी दोन दिवस बसून निवेदन लिहिलं. वाचायला मला सांगितलं. मी नाही म्हणत होते, तर पाटीवर लिहून दाखवलं, 'तुला थांबायचं कळतं. बाकी शिकवतो.' आणि त्यांनी मला हातवारे करून शिकवलं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं खाली बघायचं. कितीतरी दिवसांनी ते जिवंत दिसत होते.

सभागृह खच्चून भरलं होतं. सर पहिल्या रांगेत, काळं जाकीट, गळ्यावर स्वच्छ फडकं. निवेदन इतकं सुंदर होतं की तात्यासाहेबांचे भाऊबंद, जे कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे होते, तेही डोळे पुसत होते. मी म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. मी सरांनी शिकवल्याप्रमाणे मनात शाळेच्या फाटकातून निघाले. पिठाची गिरणी गेली. मारुतीचं देऊळ आलं.

"अहो, चहा टाकू का?"

मागून, बारीक, बायकी आवाज काढून कुणीतरी म्हणालं. एक पोरगं फसकन हसलं. मग दुसरं. ते हसू दाबता दाबता पुढं सरकत आलं. माणसं खोकल्यासारखं करत होती, रुमाल तोंडात कोंबत होती, खांदे हलत होते. चौथ्या रांगेतला तात्यासाहेबांचा नातू हसला, आणि त्याच्या आईनं तिथंच त्याच्या कानाखाली वाजवली. मी कसंबसं "ओम शांती" म्हटलं. मला सरांकडे बघायचं धाडस झालं नाही.

सभा संपल्यावर जमदाड्यांचा थोरला मुलगा सरांसमोर आला. हात जोडलेले होते, म्हणून जास्त वाईट वाटलं. "सर, लिहिलंत चांगलं. पण तुम्ही समोर दिसायला नको होतं. तुम्ही दिसला की लोकांना तेच आठवतं."

सरांनी मान हलवली. पाटी काखेत होती, ती काढली नाही. घरी जाताना त्यांनी वाटेत एका दुकानाच्या पायरीवर बसून मला लिहून दाखवलं, 'पेज बंद कर.' मी त्यांच्यासमोर बंद केलं.

नंतर मी अधूनमधून जात राहिले. सर ओसरीवर चित्रं काढत बसलेले असायचे, काकू आत. एक दिवस काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"हर्षदा, एक इचारू? आवाज गेलेल्या माणसाचा अबोला कसा वळखायचा गं?"

मी पाट ओढून खाली बसले.

"पयल्यांदा वाटलं, बोलता येत न्हाई म्हणून गप हायेत. मग बघितलं तर दूधवाल्याला लिहून दावतात. पेपरवाल्याला लिहितात, तुला लिहितात. मी म्होरं गेले की पाटी पुसून ठेवतात." त्या ओटा पुसत होत्या. स्वच्छ ओटा पुन्हा पुन्हा पुसत होत्या. "मी वाईटासाठी पाठवलं का सांग? मला आपलं वाटलं, आवाज जायला लागलाय, चार ठिकाणी ऱ्हाऊ दे. एका ठिकाणचा गेला तर दुसरीकडं ऱ्हाईल."

"काकू, ते रागावलेत, पण निवळतील."

"मी आता इचारत न्हाई. चहा करते आन् नेऊन ठेवते. त्यो शब्दच तोंडातनं निघंना. इचारायला गेलं की ढोलकी ऐकू येती."

मला सरांचा असा राग आला की मी तशीच ओसरीवर गेले. "सर, काकूंशी अबोला धरलाय तुम्ही?"

त्यांनी शांतपणे लिहिलं, 'अबोला धरायला बोलणं लागतं. माझ्याकडे आहे कुठं?'

एरवी या वाक्याला मी दाद दिली असती. "लिहायला तर येतं ना? एक ओळ लिहा त्यांना. काहीही. मीठ कमी आहे असं लिहा."

त्यांनी बराच वेळ मार्कर हातात धरला. पाटीवर टेकवलाही. मग टोपण लावलं आणि पुन्हा चित्राकडे वळले. ते गिरणीचं चित्र काढत होते.

त्यानंतर महिनाभरात काकू गेल्या. दुपारी नळाला पाणी आलं होतं, ते भरता भरता बसल्या आणि उठल्याच नाहीत. सर ओसरीवर होते. त्यांना हाक मारता येत नव्हती, म्हणून त्यांनी पत्र्याचं दार बडवलं. शेजारी धावत येईपर्यंत बादली भरून पाणी गल्लीत आलं होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दहावं-बारावं पुतण्यांनी केलं. तेराव्या दिवशी सर माझ्या दारात उभे. पाटीवर आधीच लिहून आणलं होतं, 'शालनची शोकसभा करायची आहे. हॉल ठरव.'

मी गोंधळले. आमच्याकडे शोकसभा होते ती अध्यक्षांची, मुख्याध्यापकांची, फार तर माझ्या वडिलांसारख्या चार ठिकाणी ओळख असलेल्या माणसाची. घर सांभाळणाऱ्या बाईची शोकसभा मी कधी ऐकली नव्हती, आणि सरांनी तरी आयुष्यभरात कुठं केली होती!

"निवेदन मी करू सर?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"तुम्ही? कसं?"

'पडदा आणि स्पीकर आण,' त्यांनी लिहिलं. बाकी काही नाही.

देवळामागच्या हॉलमध्ये पन्नाससाठ माणसं आली. भिशीच्या बायका पुढे, चिडीचूप. मागच्या बाजूला जमदाड्यांच्या सभेत हसलेली ती पोरंही होती, मी ओळखलं त्यांना. टेबलावर काकूंचा फोटो, हार घातलेला. सर आले ते साध्या पांढऱ्या शर्टात. दोन्हीपैकी एकही जाकीट अंगावर नव्हतं.

त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि व्हिडिओवर बोट ठेवलं. मी बघितलं. तो साफ केलेला नव्हता.

"सर, हा नको. लोक—"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

मी लावला. पडद्यावर सर आले, काळ्या जाकिटातले, त्या शेवटच्या फाटक्या आवाजाचे. खाली, पांढऱ्या शर्टातले सर फोटोजवळ उभे राहिले. पडद्यावरचे सर त्या कधी नसलेल्या माणसाबद्दल बोलत होते, साधा होता, कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता, घरच्यांसाठी झिजला. मी ते त्या दिवशी ऐकलं होतं, पण हे कुणाचं वर्णन आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. बहुतेक त्यांच्याही नाही.

"आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

हॉल उभा राहिला. पडद्यावर मान खाली गेली, खाली सरांचीही. सर कुठवर आले असतील, गिरणीपाशी की देवळापाशी, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. पुढं काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. मी मागच्या पोरांकडे नजर रोखून धरली होती. कुणी हललं नाही. भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, चहा टाकू का?"

सुरातला, ठणठणीत आवाज. नळाचं पाणी भरायच्या आधीचा, ढोलकीच्या आधीचा. पुढच्या रांगेतली एक बाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. कुणी हसलं नाही. मागचं ते पोरगं, ज्यानं तेव्हा आवाज काढला होता, ते भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं.

पडद्यावर बोट वर झालं. थांब. बराच वेळ शांतता. मग, "ओम शांती. कृपया बसून घ्यावं."

माणसं बसली. खुर्च्यांचा आवाज झाला आणि थांबला. सर बसले नाहीत.

त्यांनी टेबलावरची पाटी उचलली. मार्करचं टोपण काढलं, ते खाली पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता ती लोकांकडे वळवतील. त्यांनी ती लोकांकडे वळवली नाही. फोटोसमोर धरली, काकूंना नीट दिसेल अशी, आणि तशीच धरून उभे राहिले.

मी बाजूला उभी होते म्हणून मला वाचता आलं. एकच शब्द होता.

'टाक.'